टेकडी पुढच्या रविवारी

३ मार्च, रविवार
आजपासून वही. डोक्यात ठेवलं की डोकं दुखतं.
निश्चय एक: त्याला "हे" म्हणायचं बंद. दोन बॅगा भरून ऑफिसातल्या त्या बाईकडे राहायला गेलेला माणूस नुसता "तो".
निश्चय दोन: पुढच्या रविवारी टेकडी घ्यायची. मग माझं टेबल मोकळं. महिना झाला, जमिनीवर बसून कापड कापतेय. गुडघे बोंबलतात. लोकांच्या पँटी आखूड करता करता मीच आखूड झाले.
टेबलावर त्याचा लढाईचा खेळ मांडलाय, अर्धा. पुठ्ठ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी मी, सहा तुकड्या. वर तो. जाताना म्हणाला, मोडू नकोस, रविवारी चारला फोन करीन, डाव पुरा करू. फासे मी टाकते, तो सांगेल तशा त्याच्या सोंगट्या हलवते. फोनची हौस नाही मला. डाव अर्धा टाकू नये, एवढंच.

१० मार्च
चार वाजून दोन मिनिटांनी फोन. मी काही घड्याळ बघत बसले नव्हते.
धूर सोडला. धुराआडून दोन तुकड्या ओढ्यापलीकडे. त्याची उतारावरची मशीनगन उडवली. तो म्हणाला, डोकं आहे हं तुला. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला असं म्हणणारा हा एकच माणूस.
माथ्यावर त्याच्या पाच सोंगट्या उपड्या आहेत. खऱ्या किती, फसव्या किती, ते अंगाला जाऊन भिडेपर्यंत उलटून बघायचं नाही. घरात मी एकटी, कोण बघतंय? तरी हात लावला नाही. मी बेइमान नाही.
पुढच्या रविवारी टेकडी. नक्की.

१७ मार्च
चढायला निदान चार हवे होते. पाच पडले. फोनवर दोन सांगितले. तोंडातून गेलं. तो म्हणाला, अरेरे. फार मायेनं म्हणाला.

२४ मार्च
सहा पडले. एक सांगितला. चढ उभा आहे, जवान दमलेत. हे डावपेच आहेत.
ताई शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, अगं बये, लोक जिंकायला खोटं बोलतात, तू हरायला बोलतेस? मी म्हटलं, तुला लढाईतलं काय कळतं! म्हणाली, लढाईतलं नाही, नवऱ्यातलं कळतं, एक पोचवलाय मी.
तिला चहा दिला नाही.

३१ मार्च
आजही चढले नाही. एका जवानाची सोंगटी हरवली, त्या जागी शर्टाचं बटण ठेवलं. बटणाला घेऊन कुठे चढायचं?
पण एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या माथ्यावरच्या पाचांनी अजून एक गोळी झाडलेली नाही. किती दम धरावा माणसानं! टेकडी सोडवत नाही त्याला. ज्याला पुठ्ठ्याची टेकडी सोडवत नाही, त्याला घर कुठून सोडवेल? साधा हिशेब आहे, ताईला नाही कळायचा.
आणि चौदा वर्षांचा आमचा नियम: हरेल त्यानं सोंगट्या डब्यात भरायच्या. फोनवरून डबा भरता येत नाही. यावंच लागेल.
म्हणजे पुढच्या रविवारी खरे आकडे.

४ एप्रिल, गुरुवार
पडदे धुतले. त्याच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकला. राखाडी शर्ट इथेच राहिलाय, त्याची विरलेली कॉलर उसवून उलटी शिवली. अगदी नवी दिसते. रिकामा वेळ होता म्हणून.

७ एप्रिल
चार. साडेचार. केस विंचरले होते, ते परत विंचरले.
पाचला फोन. म्हणाला, आता थांबवू या. टेकडी तुझी, तूच जिंकलीस असं धर. मी म्हटलं, असं कसं धरू? डबा कोण भरणार? म्हणाला, देऊन टाक कुणाला तरी. मागून ती त्याला हाक मारत होती. मी घाईघाईनं सांगितलं, तुमच्या राखाडी शर्टाची कॉलर उलटवलीये. म्हणाला, कुठला शर्ट?
फोन ठेवला.

सव्वापाच
तरी फासा टाकला. चार. खरे चार. चढले. बटणसुद्धा चढलं.
आता भिडलेय, म्हणजे उलटायला हरकत नाही. पहिली उलटली. कोरी, फसवी. दुसरी कोरी. तिसरी, चौथी. पाचवी हातात धरून जरा बसले. मग तीही उलटली.
कोरी.
ह्यांनी डाव मांडला तो जायच्या आदल्या रविवारी. माथ्यावर कोणीच नव्हतं. पहिल्यापासून. मी दोन महिने तिथं कुणाला तरी सांभाळत होते.
हरेल त्यानं डबा भरायचा. भरला.

८ एप्रिल, सोमवार
टेबल मोकळं. कापड जमिनीवरच कापलं.