सतरा नंबरची वडी

रिसोड, भाद्रपद १९७६

प्रिय भागिरथी,

अक्षर ओळखून पत्र तसंच चुलीत टाकलं नाहीस, तर पुढे वाच. तू मेडशीच्या शाळेत विज्ञान शिकवतेस, हे मला तिकडून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. त्याची मुलगी तुझ्या वर्गात आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत जिचा हात सगळ्यांत नेटका, ती आता फळ्यावर लोहचुंबक काढते, आणि तेही त्या सतरा नंबरच्या वडीपायी! हे आठवलं की माझं दुकानात लक्ष लागत नाही.

वडिलांना जानेवारीत लकवा झाला, म्हणून मी पीएच.डी. अर्धी टाकून आलो. त्यांची वाचा गेली आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी तूर आणि हळद एवढंच बोलणं. दिवस मावळायच्या आत एकटाच जेवतो. मग घर इतकं गप्प होतं की मीच माझ्याशी बोलत बसतो. पुण्याला निघताना वडिलांना मी आपलं काम समजावलं होतं: लोखंडाच्या गंजाची भुकटी घ्यायची, तिच्यात दुसरे धातू चिमूट-चिमूट मिसळायचे, वड्या दाबून भट्टीत भाजायच्या, आणि रडारची लाट त्यांच्यावर सोडून किती परत येते ते मोजायचं. जी वडी लाट पिऊन टाकील, ती चांगली. ते म्हणाले होते, "म्हंजे भेसळ कराले चालला तू! जे आपल्या दुकानात कधी केलं नाही, ते तिथं शिकवून राह्यले?" तू हे ऐकून किती हसली होतीस! तेव्हापासून आपण डोपिंगला भेसळच म्हणायचो. तिथं वऱ्हाडी बोलणारे आपण दोघंच. ते दिवस मला फार आठवतात.

तुझ्या सतराव्या वडीनं जवळजवळ सगळी लाट पिऊन टाकली. परत येणारी लाट मोजणारा काटा हलेचना. सरांनी पेढे वाटले. मग तीच कृती तू अकरा वेळा केलीस आणि अकराही वेळा लाट परत आली. तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले की हे आकडे मोजलेले नाहीत, मनानं लिहिलेले आहेत. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. आठवड्यानं तू ट्रंक घेऊन गावी गेलीस.

त्या सतराव्या वडीची, एकदा भाजून काळी पडलेली भुकटी तू मला खलायला दिली होतीस, आठवतं? संध्याकाळी जेवायला मी रोज धावत सुटायचो आणि तू मागून ओरडायचीस, "काहून पळून राह्यला रे? सूर्य काय यष्टी हाय तुले सोडून जाले?" त्या दिवशी खलात आधी माझा कोबाल्ट खलला होता. खल आम्लानं धुवायला हवा होता, पण सूर्य टेकला होता. मी तो फडक्यानं पुसला आणि तुझी भुकटी घातली. काळ्यात काळं, कुणाला दिसणार? तुझ्या पुढच्या तीन-चार वड्या फसल्या तेव्हाच मला उमगलं. सांगितलं असतं तर माझी जागा गेली असती, म्हणून गप्प राहिलो. अंधारात एखादा किडा पोटात जाऊ नये म्हणून उजेडी जेवणारा मी, तुझं अख्खं नाव गिळून बसलो. मला स्वतःची लाज वाटते.

पर्युषण काल संपलं. दरवर्षीसारखी क्षमापनेची छापील कार्डं आली. ज्यांचं मी काहीच बिघडवलेलं नाही, अशा गावभरच्या लोकांना 'मिच्छामि दुक्कडम' लिहिलं. तुझ्या कार्डावर मात्र छापील ओळीखाली सही करवेना. सोबत सरांना आज रजिस्टरनं पाठवलेल्या पत्राची नक्कल आहे. त्यात खल, फडकं, सूर्यास्त, सगळं लिहिलंय, आणि तुझ्याच कृतीत किंचित कोबाल्ट घालून एकोणतिसावी वडी भाजायला सांगितलंय. काटा पुन्हा हलणार नाही. मला क्षमा करायची की नाही, ते तुझं तू ठरव. तुझा आकडा खरा होता, भागिरथी. भेसळ माझी होती.

तुझाच अपराधी,
ज्ञानचंद