हत्तिणीपाशी थांबलो नाही

शनिवार, १७ सप्टेंबर २०१६, रिकार्टन

पाहुणे आत्ताच गेले. माझा राग अजून उतरलेला नाही.

केनियाचे फोटो बघायला माझ्या नवऱ्याने, संदीपने, ऑफिसातल्या दोघा मित्रांना जेवायला बोलावलं होतं. टीव्हीवर नुसते सिंह! आणि हत्ती? माझ्या आईला एकदा मोकळा हत्ती बघायचा होता, म्हणून तर तिला पुण्याहून सफारीला नेलं. नदीवर हत्तीण आणि पिल्लू दिसलंही. पण वायरलेसवर सिंहाची बातमी आली आणि यानेच ड्रायव्हरला गाडी पळवायला लावली. आई वळून वळून मागे बघत होती. ती हत्तीण! दोन मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

आज एका मित्राने विचारलं, "मावशी, तुम्हाला कशी वाटली सफारी?"

"आईंना हेप्स आवडली, खूपच," उत्तर संदीपचं.

"अरे, तिला बोलू दे ना!" मी ओरडलेच.

आई हळूच म्हणाली, "पिल्लू सोंडेनं पाणी प्यायला शिकत होतं. जमलं की नाही, ते काही कळलं नाही."

संदीपने पुढचा सिंह लावला.

मी उठून टीव्हीच बंद केला. पाहुण्यांसमोर. मग आईला विचारलं, "केवढं होतं गं पिल्लू?"

आईने जमिनीपासून हात उंच धरून दाखवला, आणि मग ती बोलायची थांबलीच नाही.