ओर्सेत्ताबाईंची चादर आणि माझ्या सुया

मी, बोर्तोलो फुर्लान, वय अठ्ठेचाळीस, धंदा तांब्याच्या पत्र्यावर संतांची चित्रे कोरणे, राहणार व्हेनिस, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता आपली व्यवस्था लावीत आहे. दडपणातून समोरच्या ओर्सेत्ताबाईंची चादर वगळावी. आमच्यामधली गल्ली इतकी अरुंद की खिडकीतूनच मीठ मागता येते. बाईंच्या दोरीचे एक टोक माझ्या चौकटीच्या आकड्याला, आणि त्या दोरीवरच्या चादरीने अनेक वर्षे माझा सूर्य अडवला. याहून किरकोळ कारणांनी राज्ये बुडाली आहेत.

कलम पहिले. मला साधेपणाने पुरावे. मेणबत्त्या कमी लावाव्यात. धूर मी आयुष्यभर पुरेसा गिळला आहे.

कलम दुसरे. छापण्याचे यंत्र माझा मेहुणा मेनेगो याला. तो पुलाजवळ माझी चित्रे विकतो आणि मला अक्कल शिकवतो. "दाजी, गिऱ्हाईक किरणं मोजून घेतं. बाळाभोवती चार तरी ओढा." त्याला पुन्हा सांगतो: पत्र्यावरच्या काळ्या मेणावर सुई जिथे फिरत नाही तिथे तेजाब तांब्याला चावत नाही, शाई धरत नाही, कागद पांढरा राहतो. बाळाचा उजेड तोच. देवमाता मारिया बाळाला घेऊन रातोरात पळते, त्या पत्र्यावर मेनेगोने एक जरी किरण ओढला, तर यंत्र अनाथालयाला जावे.

कलम तिसरे. सुया. हे मृत्युपत्र खरे तर यांच्यासाठीच सुरू केले. ईस्टरच्या आधी उपवासाने माझे डोके फिरले होते. मी ओर्सेत्ताबाईंशी भांडलो आणि चौकटीतला आकडा उपटून टाकला. त्या म्हणाल्या, "दिवसभर संतांची तोंडं काढता, आणि माझ्या चादरीचं तोंड बघवत नाही तुम्हाला?" धुणे गच्चीवर गेले. दुसऱ्या दिवसापासून मला माझ्याच रेषा दिसेनात. काळ्या मेणावर सगळे नुसते चकाकत होते. मारियाचा चेहरा तेवढा कोरायचा राहिला होता. डोळे गेले, असे मी धरून चाललो. कोणाला सांगितले नाही. सुया पुसून डबीत ठेवल्या आणि हा कागद काढला.

गेल्या आठवड्यात ओर्सेत्ताबाई त्यांच्या वरच्या खिडकीतून चादर झटकत होत्या. सावली पत्र्यावर पडली आणि रेषा एकेक करून वर आल्या.

"काय बघताय? पळवत नाही मी तुमचा सूर्य."

"बाई, जरा तशीच धरून ठेवा."

"हे हात आहेत माझे, खुंट्या नाहीत."

तरी त्यांनी धरली, कुरकुरत. तेवढ्या वेळात मारियाची पापणी कोरून झाली.

बाकीचे कोरणारे ऊन मवाळ करायला खिडकीला तेलकट कागद लावतात. मला त्याची गरज लागत नाही, असा तोरा मी चारचौघांत मिरवत आलो. माझा कागद दर आठवड्याला धुऊन बाईंच्या दोरीवर वाळत पडत होता.

सबब कलम तिसरे रद्द. सुया कोणालाही मिळणार नाहीत. मला लागतात.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
बोर्तोलो फुर्लान

साक्षीदार:
मेनेगो तास्का (कलम दुसरे मान्य नाही, तरी सही)
फादर इसेप्पो

व्हेनिस, १४ मे १७६४

ता. क. साक्षीदार गेल्यावर तो जुना आकडा चौकटीत पुन्हा ठोकला. नवी दोरी ओवली आणि दुसरे टोक काठीने समोरच्या वरच्या खिडकीच्या गजात अडकवले. ओर्सेत्ताबाई बाजारात गेल्या होत्या.