व्हॅलेटाला कोणत्या महिन्यात जावं

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, आणि मी तुम्हाला विचारते आहे की व्हॅलेटाला कोणत्या महिन्यात जावं. दुसऱ्या कोणाला विचारू? घनसावंगीपासून इकडे आमच्या गावापर्यंत त्या शहराचं नाव घेणारी मी एकटीच असेन. माझी लेक सहा वर्षांपूर्वी तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तेव्हा चौकातल्या चहाच्या टपरीवर लोक सांगत होते, दुबईच्या थोडं पुढं हाय म्हणं. मी घरी आले, ट्रंकेतून तुमचा अ‍ॅटलास काढला आणि लेकीला दाखवलं. हा इटलीचा बूट, बुटाच्या टोकापुढे सिसिली, सिसिलीच्या खाली माल्टा, व्हॅलेटा त्याची राजधानी. बेट इतकं लहान की त्याचं नाव समुद्रात लिहावं लागलंय. लेक म्हणाली, "आई, तुला कसं ठाऊक?" मी म्हटलं, छडी खाऊन ठाऊक झालंय.

ती छडी तुम्हाला आठवत नसेल, मला आठवते. आपला सातवीचा वर्ग आहे, बाहेर ऊन, आत पत्रे तापलेले. तुम्ही फळ्यावर लिहिता, भूमध्य समुद्राकाठचं हवामान: हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा. सगळा वर्ग हसतो. मी उठून म्हणते, "गुरुजी, पौषात पाऊस पडला तर ज्वारी काळी पडंल की!" तुम्हीही हसता. म्हणता, "तिथं ज्वारी न्हाई. तिथं मोसंबीच्या जातीची फळं होतात. आपल्या मोसंबीचे सगळे भाऊबंद त्या समुद्राच्या काठाला राह्यतात." मग मला भिंतीवरच्या नकाशापाशी बोलावता आणि माल्टा दाखवायला सांगता. मला ते ठाऊक नसतं, पण ठाऊक नाही म्हणायची माझी जात नाही. मी निळ्या रंगावरच्या एका काळ्या ठिपक्यावर ठामपणे बोट ठेवते. तो शाईचा डाग निघतो. तळहातावर एक छडी बसते, फार जोरात नाही, पण तुमचे शब्द जोरात लागतात. "चुकली म्हणून न्हाई मारलं. न बघता बोट ठिवलं म्हणून मारलं. आधी दोनदा बघावं, मंग बोट ठिवावं."

दहावीनंतर माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही आमच्या घरी आला होतात. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही उंबऱ्यावरच बसलात, आणि पिशवीतून स्वतःचा अ‍ॅटलास काढून माझ्या हातात दिलात. वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे दुमडलेले. आई लाजून म्हणाली, गुरुजी, पोरीला सासरी हे काय कामाचं. तुम्ही म्हणालात, "पोळपाट-लाटणं सगळेच देतील." बस्स, एवढंच. चहा पिऊन निघून गेलात. तुम्ही गेल्याचं मला दीड महिन्यानं कळलं, तेही बाजारात, भाजी घेता घेता. माणसाला नुसतं शिकवून सोडतात आणि मग विचारायला जागा ठेवत नाहीत, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आज तर फारच येतोय.

सांगते काय झालंय ते. लेक गेल्या चार वर्षांपासून मला बोलावते आहे. ती एकदाच येऊन गेली, पंधरा दिवसांसाठी, त्यालाही तीन वर्षं झाली. नंतर तिला मुलगी झाली. तो जीव मी फक्त फोनमध्ये पाहिलाय. लेक म्हणते, "आई, एप्रिलात ये. तवा इथं बिलकुल मस्त असतं. ऊन कोवळं, रानात फुलं, समुद्र शांत. जून लागला की दगड तापतात, गर्दी होती, रस्त्यानं चालवत न्हाई. एप्रिल न्हाई जमला तर ऑक्टोबरात ये, गर्दी जाती आन् पाणी उबदार राह्यतं." तिचं सगळं बराबर. पण एप्रिलात आमच्या मोसंबीला लिंबाएवढी फळं लागलेली असतात आणि विहिरीनं तळ गाठलेला असतो. तेव्हा दोन दिवस नजर हटली तर फळाचा सडा पडतो, झाडही जातं. ऑक्टोबरात बाग उतरायची असते, म्हणजे फळं तोडायची, व्यापारी दारात असतो. तिथला सगळ्यात चांगला महिना तो इथला सगळ्यात अवघड महिना. दर वर्षी मी म्हणायची, पुढच्या एप्रिलात नक्की. चार एप्रिल असे गेले. लेक हसायची, म्हणायची, तुझ्या झाडांना पण घेऊन ये, इथं त्यांचे भाऊबंद हायेत. तुमचंच वाक्य, गुरुजी, माझ्याकडून तिच्याकडे गेलेलं.

आम्हाला रिकामा वेळ फक्त ताणाच्या दिवसांत. तुम्हाला बागेची माहिती होती, तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मोसंबीला बहार धरायचा तर आधी तिचं पाणी तोडावं लागतं. डिसेंबर लागला की दीड-दोन महिने थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, नवख्याला वाटावं बाग गेली. मग पाणी सोडलं की आठ-पंधरा दिवसांत सगळं झाड फुलानं पांढरं होतं आणि वासानं घरात बसवत नाही. झाडाला ताण दिल्याशिवाय झाड फुलत नाही, हे मी सासरी आल्यापासून पस्तीस वेळा डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्या पाहण्यानंच माझा घात केला.

अडीच वर्षांपूर्वी माझ्या भाकरीच्या कडा करपायला लागल्या. मधला भाग छान फुगलेला दिसायचा, कड दिसायचीच नाही. मला वाटलं जाळ जास्त होतोय. मालक म्हणाले, "तुझं ध्यान कुठं असतं आजकाल?" जालन्याला डॉक्टरांना दाखवलं, तर काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, यात गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. थेंब दिले, रोज सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. घरी मी एवढंच सांगितलं की डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब आहेत. मी घालत होते, पण फरक काही वाटेना. दुखणं नाही, बरं वाटणं नाही. गेल्या डिसेंबरात बागेचं पाणी तोडलं आणि माझ्या मनात आलं, डोळ्यांनाही जरा ताण द्यावा. सारखं औषध पाजून सुस्तावले असतील. दोन महिने बंद ठेवलं तर पुन्हा घातल्यावर औषध चांगलं लागू पडेल. मी कोणाला विचारलं नाही. झाडाचं पाणी तोडलं त्याच दिवशी थेंबांची बाटली फडताळात ठेवली. फेब्रुवारीत बाग फुलली, मी बाटली काढली, आणि फुलाची वाट पाहत बसले.

मागच्या महिन्यात बाग उतरली आणि मी घरी गुडघ्याचं निमित्त सांगून बसनं जालन्याला गेले. उजवा डोळा जवळजवळ संपला होता. डॉक्टरांनी विचारलं, औषध कधी थांबवलं होतं? मी खरं सांगितलं. ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "बाई, डोळा म्हणजे मोसंबीचं झाड आहे का?" मग माझं तोंड बघून आवाज खाली आणला. डाव्याची खात्री देता येत नाही म्हणाले. शस्त्रक्रिया करून काही टिकलं तर टिकेल. एप्रिलपर्यंत राहील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एप्रिलच का? मी चिठ्ठी पिशवीत घालून उठले. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडत आले. कोणी विचारलं असतं तर गुडघा दुखतोय म्हणाले असते, पण कोणी विचारलं नाही.

गुरुजी, मला आंधळं होण्याची भीती वाटते. असं सरळ लिहिल्यावर जरा बरं वाटतंय म्हणून पुन्हा लिहिते, मला फार भीती वाटते. पण त्याहून मोठी भीती दर रविवारी वाटते. रविवारी लेकीचा फोन येतो. आता मला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, मधलं तेवढं दिसतं, बाजूचं गेलं. फोनच्या मधोमध लेकीचं तोंड असतं ते दिसतं. ती म्हणते, "आई, बघ ना, ही तुला हात करून राह्यली!" आणि नात कुठल्यातरी कोपऱ्यात असते. मी फोन इकडे करते, तिकडे करते, तोवर ती पळून जाते. मी म्हणते, दिसली दिसली, किती गोड गं. आठ-दहा रविवार झाले, मी न दिसलेल्या पोरीला गोड म्हणते आहे. त्या पोरीला टाळूवर भोवरा आहे की नाही, हसताना तिचा कोणता दात आधी दिसतो, मला काही ठाऊक नाही. ते ठाऊक करून घ्यायचंय आणि मग जायचं ते जाऊ दे. एवढं मागणं जास्त आहे का?

व्हिसाचं काम करणारा माणूस म्हणाला, आत्ता कागद दिले तर जानेवारीत जाता येईल. मी रविवारी लेकीला सांगितलं, जानेवारीत येते, तेव्हा बागेला ताण असतो, मी रिकामी असते. ती ओरडलीच. "जानेवारीत? आई, वेडी झाली का? तवा इथं पाऊस, वारं, समुद्र नुसता खवळलेला. चार वर्षं थांबली, आता तीन महिने थांब. जानेवारीत इथं बघायला काहीच न्हाई!"

बघायला काहीच नाही म्हणे. मी फोन कानाला लावला, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून. म्हटलं, "मला ठाऊक हाय तिथं पौषात पाऊस पडतो. मी सातवीत शिकलेय. मला पाऊसच बघायचाय." ती हळू आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग, काय झालंय?" मी म्हटलं, काही न्हाई, चूल पेटलीय, ठेवते. सांगितलं तर ती नोकरी सोडून येईल, मी ओळखते तिला. आणि नाही सांगितलं तर एप्रिलचं तिकीट काढून बसेल. दोन्ही बाजूंनी माझंच मरण.

काल दुपारी मालक फॉर्म घेऊन ओसरीवर बसले. त्यांना एवढंच ठाऊक की बायकोला एकाएकी विमानाचं वेड लागलंय. "जायची तारीख लिव्हायची हाय," ते म्हणाले. "मंग कोणती लिहू? पोरगी तर एप्रिल म्हणून राह्यली." मी म्हटलं, जानेवारी. ते म्हणाले, "तारीख दाखव." त्यांनी खिळ्यावरचं नवं कॅलेंडर काढलं, जानेवारीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मला मधे काहीतरी चौकोन दिसले, उजेडात थरथरणारे. मालक माझ्याकडेच बघत होते, फार वेळ लावला असता तर कळलं असतं. मला संक्रांतीचा दुसरा दिवस हवा होता. तो कुठे असेल याचा अंदाज केला, आणि ठामपणे बोट ठेवलं.

त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला. मग त्यांनी माझं बोट धरलं, हळूच उचललं, बरंच डावीकडे नेलं आणि खाली टेकवलं. "संक्रांत इथं हाय," ते म्हणाले. "तू तेलाच्या जाहिरातीवर बोट ठिवलं." मी हात ओढून घेतला. त्यांनी घेऊ दिला नाही. विचारलं, "कवापासून?"

मी म्हटलं, "मागच्या ताणापासून."

ते बागेकडे तोंड करून बसले. मग फॉर्म पुढे ओढला आणि जानेवारीची तारीख लिहिली. मला वाटतं जानेवारीचीच लिहिली असावी. येत्या रविवारी लेकीला कोणी सांगायचं यावर आमचं अजून काही ठरलेलं नाही. मी सांगेन म्हटलंय, पण आधीच्या रविवारांचा माझा अनुभव चांगला नाही.

हे पत्र मी ठळक पेनानं, एकेक ओळ सोडून लिहिते आहे. मालकांनी मागितलं तरी वाचायला देणार नाही. अ‍ॅटलासमध्ये ठेवून देईन, त्याच पानात. ते पान मला दिसत नसलं तरी अजून सापडतं, कागद तिथे बोटांनी झिजलाय. आणि एक राहिलं. सातवीतली ती छडी मला अन्यायाची वाटली होती, कारण दुसऱ्यांदा बघूनही तो डाग मला बेटच वाटला असता. पण कालची चूक तशी नव्हती. काल मला दिसत नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी मी बोट ठेवलं, गुरुजी.