साक्षीची खुर्ची

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. तुझा राग रास्त आहे. नोकरीचा माझा पहिलाच आठवडा होता. मी सभागृहाच्या दारात उभा असताना मंत्र्यांनी आपलं ते दगडधुळीच्या भरपाईचं विधेयक मांडलं, बाकांवरून "हो, हो" असा आवाज झाला, आणि मी धावत जाऊन तुला कळवलं की कायदा झाला. तू सासूबाईंना सांगितलंस, त्यांनी गल्लीभर. आमचे हेडशिपाई काका हसून म्हणाले, "अरे बावळटा, आज नुसतं पाळण्यात घातलंय. चालायला लागेपर्यंत तुझी मिशी पांढरी होईल."

मग चर्चा झाली, भांडण झालं, एकाने कागद भिरकावला, तो मीच उचलला. आता विधेयक समितीकडे आहे. तिथे एकेक कलम तांदळासारखं निवडतात. तिथून ते परत सभागृहात मतदानाला येईल, मग दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच सगळं, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. पण समितीने जे खडा म्हणून टाकलं, ते सहसा परत येत नाही, असं काका म्हणतात.

हल्ली माझी नेमणूक समितीच्या खोलीतच आहे. पेले भरायचे, दार सांभाळायचं, तोंड उघडायचं नाही. टेबलाच्या टोकाला साक्ष देणाऱ्याची खुर्ची असते. तिथे डॉक्टर बसून गेले, दगड घासणाऱ्या कारखान्यांचे मालक बसून गेले. धुळीने छाती गेलेल्या कामगाराला भरपाई द्यायला सगळे राजी दिसतात. पण जे आधीच गेले, त्यांच्या घरच्यांचं कलम गाळायचं चाललंय. मालक म्हणाले, ती माणसं विडीने गेली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "त्या घरांतलं कुणी आलंय का?" खुर्ची रिकामीच राहिली. भावोजींनी विडीला कधी हात लावला नाही, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं, आणि माझ्या हातात पाण्याचा जग होता.

काका म्हणतात, शिपायाला बोलता येत नाही, शिपायाच्या बहिणीला येतं. समितीला दोन ओळी लिही, अध्यक्षबाई बोलावतील. भावोजींचं नाव निघालं की तू उठून जातेस. या वेळी उठू नकोस. आकडे डॉक्टरांनी दिले आहेत. तू फक्त सांग, की भावोजी गल्लीच्या तोंडाशी आले की खोकल्यावरून तुला कळायचं, आणि तू चहा ठेवायचीस. दार मी उघडेन. तिथे मला ओळख दाखवता येणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. घसा कोरडा पडला तर उजव्या हाताला पेला असेल, मी भरलेला.

तुझाच, दारापाशी उभा असलेला,
धाकटा