माझंच तोंड घेऊन फिरणारा माणूस

आसगाव

संघपालभाऊ,

तुमच्या भाऊजीचा आसगावहून जय भीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि चि. भावनाचे पेपर बरे गेले असतील, अशी आशा आहे. फोन सोडून हे पत्र काहून, असं तुम्हाला वाटेल. भाऊ, मला फोनची भीती वाटते. बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला आहे (तरी तिथून वाजल्यासारखा वाटतो).

गेल्या सोमवारी मी ओसरीत लाखोळीची भाजी निवडत बसलो होतो. दारात ऑटो थांबला आणि बॅग घेतलेली एक पन्नाशीची बाई उतरली. मला पाहताच तिचे डोळे भरून आले. "कॅप्टनसाहेब, जहाज सोडून घरी कवा आले जी?" मी वैनगंगेच्या डोंग्यातही डोळे मिटून बसणारा माणूस! आत तुमची ताई, म्हणजे बायजा, भात उतरवत होती. झाकण पडल्याचा आवाज आला.

बाईंचं नाव रिता. तुमसरला अंगणवाडीत मदतनीस आहेत, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. चार महिन्यांपासून कोणी एक कॅप्टन रोज व्हिडिओवर त्यांच्याशी बोलत होता, लग्नाचं वचन देत होता आणि त्याचं तोंड माझं होतं! चष्मा, मिशी, कपाळावरचा तीळ, सगळं. माझ्या निवृत्तीच्या भाषणाचा व्हिडिओ तुमच्या भाच्यानं, अश्वजितनं हौसेनं इंटरनेटवर टाकला होता (अकरा मिनिटांचा, लोक सातव्या मिनिटालाच उठले होते). कोण्या भामट्यानं तिथून माझं तोंड आणि आवाज उचलला. कॅप्टनचं सामान म्हणे विमानतळावर अडकलं होतं. ते सोडवायला रिताबाई गळ्यातली पोत विकणार होत्या. तेवढ्यात तोच भाषणाचा व्हिडिओ त्यांना दिसला, मागच्या फलकावर गावाचं नाव दिसलं, म्हणून आधी डोळ्यांनी पाहून घ्यावं असं ठरवून त्या आल्या.

मी तो नव्हे, असं मी शपथेवर सांगत होतो. बायजा भाताची पळी हातात घेऊन दारात आली होती. ती पळी पाहून मला जास्त भीती वाटली. इतक्यात रिताबाईंचा फोन वाजला. पडद्यावर मी! पांढऱ्या टोपीत! "रिता, जेवलीस का?" आवाजही माझाच. भाऊ, मी जागेवर आहे की नाही हे पाहायला मी गालाला हात लावला.

बायजानं फोन ओढून घेतला. ए.आय.नं बनवलेल्या खोट्या तोंडासमोर हात फिरवला की ते बिघडतं, असं तिनं बचत गटाच्या बैठकीत ऐकलं होतं.

"ओ कॅप्टन, नाकावरून जरा हात फिरवून दाखवा बरं."

"आपण कोण?"

"तुम्ही ज्याचं तोंड लावून बसले, त्याची बायको."

तो गडबडला. त्याचा हात वर गेला आणि माझं नाक कानापर्यंत वाहत गेलं. मिशी एकीकडे, ओठ दुसरीकडे, तरी ते बोलतच होतं. मग फोन कटला. (मी ओरडलो. सांगून टाकतो.)

रिताबाई मटकन खाली बसल्या. "चार महिने मी कोणाशी बोलून राहिली होती जी?" बायजानं त्यांना बळेच दोन घास खाऊ घातले, रात्री ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला भंडाऱ्याला घेऊन गेली. पोत वाचली. माझं तोंड मात्र अजून बाहेरच फिरत आहे. आज ते कोणाशी लग्न ठरवत असेल, कोण जाणे. माझ्या आवाजात कोणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेवून द्या.

तुमचा (खरा)
परसराम

ता.क. : तक्रार देऊन बायजा तिथं भंडाऱ्यात तुमच्याकडेच थांबली आहे, म्हणजे वरचं सगळं तुम्ही आधीच ऐकलं असेल. पत्र मिळताच तिला पहिल्या बसनं पाठवा. आरशासमोर एकट्यानं दाढी करायचीही हिंमत होत नाही.

ता.क. दुसरा : ती काहून थांबली, तेही तिनं सांगितलं असेल. रिताबाई रडत होत्या, कोणीतरी धीर द्यायला पाहिजे होता, म्हणून मी म्हटलं, "बाई, खरोखर मी असतो तर तुम्हाला असं फसवलं नसतं." हे वाक्य माझंच आहे. पण तक्रारीत तेही त्या कॅप्टनच्याच नावावर लिहून घेतील काय, एवढं पोलिसांना विचारून ठेवा.