एक सूर आणि सहादेवची घोडी

मिरजगाव

तीर्थरूप यज्ञेश्वरमामांना वरदचा वाकून नमस्कार. (मान अवघडली आहे, त्यामुळे बेताचाच वाकलो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? प्रेमलामामींचा माझ्यावरचा राग कितपत उरला आहे, तेही कळवावे. तुमच्या मनवाच्या लग्नात आमची बँजो पार्टी नको, मोबाईलवर सनई लावू, असं मामींनी ठरवल्याचं आईकडून कळलं. हे पत्र त्यासाठी नाही.

पत्र रेकॉर्डांसाठी आहे. तुम्ही भिंगारला कॅन्टोन्मेंटमध्ये नोकरीला असताना बदली झालेले साहेब लोक ज्या रेकॉर्डी मागे टाकून जात, त्या तुम्ही घरी आणल्यात आणि मामी जागा नाही म्हणाल्या तेव्हा मला दिल्यात. कव्हरं वाळवीने खाल्ली होती. त्यामुळे कोण वाजवतंय हे मला आजही माहीत नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही. एक जाझची आहे. तिच्यात सॅक्सोफोनवाला प्रत्येक ओळीआधी श्वास घेतो तो ऐकू येतो. मला ओळीपेक्षा तो श्वास आवडतो. एक रॉकची आहे. तिच्यातला ड्रमवाला किंचित मागे राहतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. (आमचा ढोलवाला कानिफनाथही मागे राहतो. त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.) आणि तिसरी, जिच्या एका बाजूला एकच सूर आहे. शेवटपर्यंत तोच. पहिल्यांदा लावली तेव्हा घरमालकीण मनकर्णाबाई आत जाऊन फ्रिज बंद करून आल्या. पण पुष्कळदा ऐकल्यावर त्या सुराच्या आत किती हालचाल आहे ते कळतं, आणि मग बाकीचं संगीत उगाच घाईत आहे असं वाटू लागतं.

माझा मित्र अजिनाथ याच्या लग्नात झालं ते एवढंच. अजिनाथला घोडीवर बसवून परण्या मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला होता. टेम्पोवर मी कीबोर्डला. वेशीपाशी पोरं नाचून दमली, तेव्हा मला वाटलं, आता तो सूर. धरला. कानिफनाथने ढोल खाली ठेवला (त्याला वाटलं, जेवणाची सुट्टी). लोक जनरेटरभोवती जमले. वरबाप म्हणाले, "बिघडलं का काय? बंद करून बघा." पण खरी अडचण घोडीची झाली. ती उभीच राहिली. घोडीवाला सहादेव म्हणाला, "आवं बँजोवाले, ठेका असल्याबिगर ती पाय उचलत न्हाई. लहानपनापासनं वरातीतच हाय ती."

मी म्हणालो, जरा ऐकू दे की तिला.

"ऐकून झालं. झोपली ती."

शेवटी जनरेटर बंद केला, तर तो पुन्हा चालू होईना. अजिनाथ उतरून चालत मांडवात गेला. मुहूर्त टळला होता, आणि मामी नेमक्या पहिल्या रांगेत होत्या. माझं म्हणणं इतकंच, की त्या घोडीला इतक्या वर्षांत कोणी निवांत उभं राहू दिलं नव्हतं.

रेकॉर्डी नीट आहेत. गुडघा जपा.

तुमचा भाचा,
वरद

ता. क. मनवाच्या लग्नात आम्हाला घ्यावं. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून तिच्या लग्नात मी वाजवायचं ठरलेलं आहे, आणि मोबाईलवर कोणाचा फोन आला की सनई थांबेल. आम्ही नुसता ठेका वाजवू. शब्द देतो.

ता. क. २. अंतरपाट दूर होण्याआधी जरासा तो सूर चालेल का? घोडी तिथे नसते.

ता. क. ३. त्या दिवशी वेशीपाशी सगळे जनरेटरकडे बघत होते. तुम्ही एकटे डोळे मिटून उभे होता, आणि आवाज थांबला तेव्हा "राहू द्यायचं होतं रे" असं म्हणालात. मामींना हे अजून सांगितलेलं नाही.